आहारात पुरेसे लोह, तरीही रक्तक्षय : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील महिला ३६ वर्षांच्या असून त्यांचे काम कार्यालयातील, बैठ्या स्वरूपाचे आहे. त्या लहानपणापासून शाकाहारी आहेत. दूध आणि दही नियमित घेतात, अंडी घेत नाहीत. ओळख पटू नये एवढ्यासाठी वैयक्तिक तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र बदललेली नाहीत.

सुमारे वर्षभर त्यांना थकवा, जिना चढताना धाप लागणे आणि केस गळणे या तक्रारी होत्या. आणखी एक गोष्ट त्यांनी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती, कारण ती आजाराशी संबंधित असेल असे त्यांच्या मनातही आले नव्हते. दिवसातून अनेकदा फ्रीजमधील बर्फाचे खडे काढून त्या चावून खात असत आणि बर्फ संपला तर अस्वस्थ होत असत. बर्फ खाण्याची अशी अनावर ओढ हे लोहाच्या कमतरतेचे वैद्यकशास्त्राला परिचित असलेले लक्षण आहे, परंतु रुग्णाला थेट विचारल्याशिवाय ते क्वचितच समोर येते.

डॉक्टरांनी केलेल्या पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.१ ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, ६ मायक्रोग्रॅम प्रति लिटर होते. गर्भवती नसलेल्या प्रौढ महिलेसाठी हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो, आणि अन्यथा निरोगी प्रौढ व्यक्तीत फेरिटिन १५ च्या खाली गेले की शरीरातील लोहाचा साठा संपल्यात जमा आहे असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. डॉक्टरांनी रोज एक लोहाची गोळी सुरू केली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १०.४ आणि फेरिटिन ७ होते. गोळी नीट लागू पडत असेल तर साधारण चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ग्रॅम किंवा त्याहून अधिक वाढणे अपेक्षित असते. येथे तीन महिन्यांत जवळजवळ काहीच हालचाल नव्हती. गोळ्या चुकल्या असतील या शंकेला जागा नव्हती, कारण रिकाम्या स्ट्रिपा त्यांनी तारखा लिहून जपून ठेवल्या होत्या.

या टप्प्यावर डॉक्टरांनी घेतलेला निर्णय महत्त्वाचा ठरला. शिरेवाटे लोह देण्याचा पर्याय उपलब्ध असताना त्यांनी आधी शोषण का होत नाही याचा शोध घ्यायचे ठरवले. ग्लूटेन न सोसण्याच्या सीलिॲक आजाराची तपासणी केली, ती नकारात्मक आली. फेरिटिनचा आकडा शरीरातील दाहामुळे फसवा वाढू शकतो, म्हणून दाहदर्शक चाचणीही केली, ती सामान्य होती. त्यानंतर त्यांना आहारतज्ज्ञाकडे, म्हणजे आमच्याकडे, पाठवण्यात आले.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या भेटीत लिहून घेतलेला आहार पाहिला तर त्यात दोष काढायला फारशी जागा नव्हती. डाळी आणि कडधान्ये रोज, पालेभाजी रोज, संपूर्ण धान्य दोन्ही जेवणांत, तीळ आणि सुकामेवा अधूनमधून. अन्नघटकांच्या तक्त्यांवरून हिशेब मांडला तेव्हा दिवसाला सुमारे १७ मिलिग्रॅम लोह पोटात जात होते. आजार कळल्यानंतर त्यांनी स्वतःहून आणखी प्रयत्न केले होते: पिठात जास्तीचा कोंडा मिसळायला सुरुवात केली होती, दुपारच्या जेवणात पालकाचे प्रमाण वाढवले होते आणि ‘ताकद यावी’ म्हणून दूध वाढवले होते. एवढी काळजी घेणाऱ्या व्यक्तीला ‘लोहयुक्त पदार्थ खा’ असे आणखी एकदा सांगणे निरर्थक तर होतेच, शिवाय अन्यायाचेही होते.

म्हणून दुसऱ्या भेटीपूर्वी त्यांना एक आठवडा वेगळ्या पद्धतीची नोंदवही ठेवायला सांगितली. काय खाल्ले याबरोबरच किती वाजता खाल्ले, त्यासोबत काय प्यायले आणि कोणती गोळी कशाबरोबर घेतली, हे सर्व त्यात लिहायचे होते. त्या नोंदीतून जो दिवस समोर आला तो असा. सकाळी उठल्यावर चहा. न्याहारीला दुधातील ओट्स आणि त्याच दुधाच्या घोटाबरोबर लोहाची गोळी, कारण रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळते. दुपारी डाळ किंवा कडधान्य, पालक, संपूर्ण धान्य आणि वाटीभर दही. जेवण संपल्यावर दहा मिनिटांच्या आत सहकाऱ्यांबरोबर कडक चहा. चार वाजता पुन्हा चहा. रात्री जेवणानंतर कॅल्शियमची गोळी, जी त्यांनी कोणाच्याही सल्ल्याशिवाय स्वतः सुरू केली होती. फळ मात्र झोपण्यापूर्वी, अगदी एकटे, कारण फळ जेवणाबरोबर खाऊ नये असे त्यांनी कुठेतरी वाचले होते.

या नोंदवहीत आमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर होते. वनस्पतिजन्य अन्नातील लोह मांसातील हीम लोहासारखे सहज शोषले जात नाही. हीम लोहाचे शोषण साधारण १५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान असते, तर वनस्पतिजन्य लोहाचे प्रमाण सोबतच्या पदार्थांनुसार २ टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत बदलते. म्हणजेच १७ मिलिग्रॅमपैकी पाच टक्के शोषले गेले तर शरीराला जेमतेम ०.८५ मिलिग्रॅम मिळते, आणि दहा टक्के शोषले गेले तर १.७ मिलिग्रॅम मिळते. पाळी येत असलेल्या महिलेची रोजची भरपाई सरासरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते. एकाच ताटातून कमतरता निर्माण होऊ शकते किंवा ती भरूनही निघू शकते, आणि हा फरक ताटातील लोहाच्या आकड्यात दिसतच नाही.

सोबतचे पदार्थ हे कसे घडवतात, हे येथे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावर उभे आहेत. फेरिक आणि फेरस या लोहाच्या दोन रासायनिक रूपांपैकी वनस्पतिजन्य लोह बहुतांशी फेरिक स्वरूपात असते, आणि लहान आतड्याच्या पहिल्या भागात आत घेतले जाण्यासाठी ते फेरस स्वरूपात व विरघळलेले असावे लागते. जठरातील आम्लामुळे ते विरघळते खरे, परंतु अन्न पुढे सरकून आम्लता कमी झाली की पुन्हा न विरघळणाऱ्या रूपात जाण्याची त्याची प्रवृत्ती असते. क जीवनसत्त्व येथे दोन कामे करते: फेरिक लोहाचे फेरसमध्ये रूपांतर करते आणि त्याच्याशी बांधले जाऊन आतड्यात पोहोचेपर्यंत त्याला विरघळलेले ठेवते. याउलट धान्य, कोंडा आणि कडधान्यांतील फायटेट तसेच चहा-कॉफीतील पॉलिफेनॉल लोहाला असे घट्ट पकडतात की ते तसेच शरीराबाहेर जाते. कॅल्शियमचा परिणाम याहून वेगळ्या मार्गाने होत असावा, पण तोही थोडाथोडका नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणात दुधातून किंवा चीजमधून १६५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळाले तेव्हा लोहाचे शोषण ५० ते ६० टक्क्यांनी घटले होते, आणि एवढे कॅल्शियम तर ग्लासभर दुधापेक्षाही कमी दुधात असते.

या सर्व घडामोडी एकाच वेळी पोटात असलेल्या पदार्थांमध्ये होतात. म्हणून रात्री दहा वाजता एकटे खाल्लेले संत्रे दुपारच्या डाळीतील लोहाला काहीही मदत करू शकत नव्हते.

त्यांच्या आहारातील लोहाला तीन विरोधक दिवसभर भेटत होते आणि मदतनीस एकदाही भेटत नव्हता. गोळीची अवस्थाही वेगळी नव्हती. मुळात लोहाचा साठा रिकामा असला की आतडे जास्त लोह खेचून घेण्याचा प्रयत्न करते. तरीही तीन महिन्यांत प्रगती नव्हती, यावरून अडथळ्याचा जोर लक्षात यावा.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय गोळीची मात्रा दुप्पट करण्याचा होता. रुग्णाची स्वतःची इच्छा हीच होती, कारण तो सर्वांत सोपा वाटत होता. परंतु लोहाची मोठी मात्रा घेतल्यावर यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि ते साधारण दिवसभर पुढच्या मात्रेचे शोषण रोखून धरते. न शोषलेले लोह आतड्यात राहून बद्धकोष्ठ आणि मळमळ वाढवते. ज्यांना आधीच मळमळीमुळे गोळी दुधाबरोबर घ्यावी लागत होती, त्यांच्यासाठी हा मार्ग उलटा पडण्याची शक्यता अधिक होती.

दुसरा पर्याय शिरेवाटे लोह देण्याचा. तो चुकीचा नव्हता, आणि डॉक्टरांनी तो राखून ठेवला. पण साठा भरून दिला आणि रोजच्या जेवणाची रचना तशीच राहिली, तर काही महिन्यांनी त्याच जागी परत येण्याचा धोका होता. तिसरा पर्याय आहारात मांस किंवा मासे आणण्याचा. त्यांतील लोह तर चांगले शोषले जातेच, शिवाय ते त्याच जेवणातील वनस्पतिजन्य लोहाचे शोषणही वाढवतात. रुग्णाने तो स्पष्टपणे नाकारला आणि त्यावर पुन्हा चर्चा केली नाही.

उरला तो आहाराची पुनर्रचना करण्याचा पर्याय, म्हणजे पदार्थ बहुतेक तेच ठेवून त्यांची वेळ आणि सोबत बदलण्याचा. यातही एक खरा पेच होता. फक्त जेवण बदलायचे, फक्त गोळीची वेळ बदलायची, की दोन्ही एकाच वेळी? एकेक बदल केला असता तर कशाने किती फरक पडला हे नीट कळले असते. परंतु फेरिटिन ७ असलेल्या, धाप लागत असलेल्या व्यक्तीला आपल्या समजुतीसाठी थांबवून ठेवणे योग्य वाटले नाही. दोन्ही बदल एकत्र करायचे ठरले, आणि त्याची किंमत म्हणून निष्कर्ष काढताना जपून राहावे लागेल हेही तेव्हाच मान्य केले.

प्रत्यक्ष केलेले बदल

सर्वप्रथम दिवसाची वाटणी केली. लोह आणि कॅल्शियम दोन्ही गरजेचे, पण एकाच ताटात एकमेकांना अडचणीचे. म्हणून दुपारचे जेवण लोहासाठी आणि रात्रीचे जेवण कॅल्शियमसाठी, असा साधा नियम ठरवला. दही दुपारऐवजी रात्री आले. दुधाचा ग्लास चार वाजताच्या खाण्याबरोबर गेला. कॅल्शियमच्या गोळीविषयी डॉक्टरांना विचारले. दूध-दह्यातून पुरेसे कॅल्शियम मिळत असल्याने त्यांनी ती बंदच केली.

दुपारच्या ताटात क जीवनसत्त्वाचा समावेश कसा करायचा यावर बराच विचार झाला. ‘वरून लिंबू पिळा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा नाही, परंतु अर्ध्या लिंबाच्या रसात जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. एका जेवणात निदान ५० मिलिग्रॅम असावे असे आमचे उद्दिष्ट होते. तेवढे एका मध्यम संत्र्यातून किंवा अर्ध्या लाल ढोबळी मिरचीतून सहज मिळते, आणि पेरूत तर १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅमहून अधिक असते. म्हणून रात्रीचे फळ दुपारच्या जेवणात आणले आणि ढोबळी मिरची कच्ची, चिरून, ताटात वाढायला सांगितली. कच्ची यासाठी की क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते आणि शिजवण्याच्या पाण्यात उतरते. लिंबूही भांडे आचेवरून उतरवल्यानंतरच पिळायचे. क जीवनसत्त्वाच्या गोळीची मागणी रुग्णाकडून आली होती, ती अन्नातूनच भागत असल्याने मान्य केली नाही.

पिठातील जास्तीचा कोंडा काढून टाकला. संपूर्ण धान्य मात्र तसेच ठेवले, कारण फायटेट टाळण्याच्या नादात तंतुमय पदार्थ आणि इतर खनिजे गमावण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी कडधान्ये रात्रभर भिजवून पाणी टाकून देणे, शक्य तेव्हा मोड आणणे आणि आठवड्यातून काही वेळा आंबवलेले पदार्थ करणे, हे सुचवले. भिजवताना, मोड येताना आणि पीठ आंबताना धान्यातील फायटेज हे विकर कामाला लागते आणि फायटेटचे विघटन होऊ लागते. पालकाबाबत त्यांची निराशा झाली. पालक टाकाऊ नाही, फोलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) आणि कॅरोटिनॉइड (भाज्यांतील पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) यांसाठी तो उत्तमच आहे, पण लोहासाठी त्यावर भिस्त ठेवता येत नाही, आणि कॅल्शियमसाठी तर अजिबातच नाही. १९८८ च्या एका अभ्यासात दुधातील कॅल्शियमपैकी सुमारे २७ टक्के शोषले गेले, तर पालकातील केवळ ५ टक्के; त्यातील ऑक्झलेट हे त्याचे कारण मानले जाते. लोहासाठी भर कडधान्यांवर दिला.

चहाचा निर्णय सर्वांत अवघड होता. चहा पूर्ण बंद करणे कागदावर सरळ दिसते, पण दुपारचा तो चहा हीच त्यांच्या दिवसातील सहकाऱ्यांशी निवांत बोलण्याची वेळ होती. येथे १९८३ च्या एका अभ्यासाचा उपयोग झाला. त्यात जेवणाबरोबर घेतलेल्या कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहाने ६४ टक्क्यांनी घटले होते. त्यातील अधिक उपयुक्त निष्कर्ष वेळेविषयी होता: जेवणाच्या एक तास आधी घेतलेल्या कॉफीने शोषणावर परिणाम केला नाही, पण एक तासानंतर घेतलेल्या कॉफीने मात्र सोबत घेतल्याइतकाच परिणाम केला. पुढे २०१७ मध्ये चहावर झालेल्या अभ्यासात एका तासाच्या अंतराने परिणाम बराच सौम्य झालेला दिसला. दोन्हींचा मेळ घालून, जेवणानंतर चहा घ्यायचा असेल तर दोन तासांचे अंतर, आणि जेवणापूर्वी घ्यायचा असेल तर एक तासाचे, असा नियम आम्ही ठेवला. त्यांनी दुपारचा चहा अकराला आणला आणि जेवणानंतर सहकाऱ्यांबरोबर बसताना लिंबूपाणी घेऊ लागल्या. गप्पा राहिल्या, लोहही राहिले.

गोळी आता सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर आणि अर्ध्या संत्र्यासोबत. न्याहारी आणि चहा त्यानंतर किमान तासाभराने. २०२३ मध्ये लोहाची कमतरता असलेल्या महिलांवर झालेल्या अभ्यासात लोहाची मात्रा कॉफीबरोबर घेतल्यास शोषण ५४ टक्क्यांनी आणि कॉफी व संत्र्याचा रस असलेल्या न्याहारीबरोबर घेतल्यास ६६ टक्क्यांनी घटले होते. रसातील क जीवनसत्त्व न्याहारीतील अडथळ्यांची भरपाई करू शकले नाही, ही त्यातील लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे. मदत करणारा पदार्थ वाढवण्यापेक्षा अडवणारा पदार्थ दूर करणे बहुतेक वेळा अधिक फलदायी असते, असे माझे मत या प्रकरणानंतर पक्के झाले.

सॅलडविषयी एक छोटा बदल केला. वजन वाढू नये म्हणून त्या गाजर आणि टोमॅटो तेलाशिवाय खात होत्या. कॅरोटिनॉइड स्निग्ध पदार्थाशिवाय जवळजवळ शोषले जात नाहीत. २००४ च्या एका प्रयोगात स्निग्धांश नसलेल्या ड्रेसिंगसह सॅलड खाणाऱ्यांच्या रक्तात ते नगण्यच पोहोचले. त्यांपैकी गाजरातील बीटा-कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते आणि साठ्यातील लोह वापरात आणण्यासाठी तेही लागते. चमचाभर तेल एवढाच उपाय होता.

वाटेतील अडथळे

दुसऱ्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. रिकाम्या पोटी गोळी घेतल्यावर मळमळ इतकी होत होती की कामावर जाणे कठीण झाले होते. गोळी पुन्हा अन्नाबरोबर घेण्याची परवानगी द्यायची, की दुसरे काही करायचे? अन्नाबरोबर घेतली असती तर मूळ अडचणीकडेच परतलो असतो. डॉक्टरांशी बोलून गोळी एक दिवसाआड करण्याचे ठरले. यामागे केवळ सोय नव्हती. २०१७ च्या एका अभ्यासात साठा कमी असलेल्या महिलांमध्ये रोजच्या मात्रेचे शोषण १६.३ टक्के, तर दिवसाआडच्या मात्रेचे २१.८ टक्के आढळले होते, कारण मधल्या दिवशी हेप्सिडिन खाली येण्यास वाव मिळतो. मळमळ गोळीच्या दिवसापुरती राहिली आणि तीही हळूहळू कमी झाली.

दुसरा अडथळा अनपेक्षित होता. पदार्थांच्या जोड्यांचे महत्त्व पटल्यावर त्या प्रत्येक घासाचा हिशेब करू लागल्या. कुठल्या फळाबरोबर कुठली भाजी चालते, हळदीबरोबर मिरे घेतलेच पाहिजेत का, दह्याबरोबर काय नको, अशा प्रश्नांची दोन पाने त्या घेऊन आल्या. मिऱ्यांतील पिपेरिनमुळे हळदीतील कर्क्युमिन या घटकाची रक्तातील उपलब्धता २० पटींनी वाढल्याचे १९९८ मध्ये दाखवले गेले हे खरे, पण ते दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर, आणि त्याचा त्यांच्या लोहाशी संबंध नव्हता. जेवताना अशी धास्ती बसणे हे कमी शोषणापेक्षा कमी हानिकारक आहे असे मला वाटत नाही. त्या भेटीत आम्ही नियम वाढवले नाहीत, उलट कमी केले: दुपारच्या जेवणात फळ, जेवणाभोवती चहा नाही, दूध-दही दुपारनंतर. बाकी सर्व मोकळे.

याच भेटीत, जवळजवळ योगायोगाने, पाळीविषयी बोलणे निघाले. पाळीत अंगावरून खूप जाते, रात्री दोनदा पॅड बदलावे लागते, हे त्यांना वर्षानुवर्षे नेहमीचेच वाटत होते. एका मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. महिन्याला ८० मिलिलिटर रक्त गेले तर ४० मिलिग्रॅम लोह, म्हणजे रोज १.३ मिलिग्रॅमची जास्तीची तूट. इतर नैसर्गिक झीज धरली तर त्यांची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या पुढे जात होती. उत्तम रचलेल्या शाकाहारी ताटालाही ती सातत्याने भागवणे अवघड आहे. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवले आणि तेथे औषधोपचार सुरू झाले.

परिणाम

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.२ होते. त्याआधीच बर्फाची ओढ नाहीशी झाली होती. फ्रीजमधील बर्फाचा ट्रे भरलेलाच राहिला आहे हे घरच्यांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनाही ते जाणवले. हिमोग्लोबिन पुरेसे वाढण्यापूर्वीच हे लक्षण जाते, असा अनुभव अनेकदा येतो. बारा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १२.३ आणि फेरिटिन १९, तर सहा महिन्यांनी फेरिटिन ३४ झाले आणि डॉक्टरांनी गोळी थांबवली.

या आकड्यांचे श्रेय वाटताना सावध राहायला हवे. पहिल्या चार आठवड्यांतील वाढ मुख्यतः गोळीच्या बदललेल्या वेळेमुळे झाली असणार, कारण जेवणातून मिळणारे जास्तीचे लोह दिवसाला एखाद्या मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसते आणि एवढ्यावर हिमोग्लोबिन इतक्या लवकर वाढत नाही. नंतरच्या टप्प्यात पाळीतील रक्तस्राव कमी झाल्याचा वाटाही होता. क जीवनसत्त्वाविषयीही उत्साह बेताचाच ठेवावा: एकेका जेवणावरील प्रयोगांत दिसणारा त्याचा मोठा परिणाम संपूर्ण आहारावर पाहिला की बराच ओसरतो, आणि २०२० मध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत लोहाच्या गोळीबरोबर क जीवनसत्त्व देऊन केवळ गोळीपेक्षा विशेष लाभ दिसला नाही.

आहारातील पुनर्रचनेची खरी परीक्षा गोळी बंद झाल्यानंतर होती. त्यानंतर वर्षभराने केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन १२.६ आणि फेरिटिन ३१ होते. साठा वाढला नव्हता, पण टिकला होता. आणि तोही पूर्वी ज्यावर तो रिता होत गेला होता त्याच डाळी, कडधान्ये आणि धान्यांवर.

वेगळे काय करता आले असते

आहाराची नोंद घेताना वेळेचा आणि पेयांचा रकाना पहिल्याच भेटीत असायला हवा. नेहमीचे तक्ते पदार्थ आणि प्रमाण विचारतात. चहा त्यांत बहुधा येतच नाही, कारण त्याला कुणी अन्न समजत नाही. लोहाची गोळी लिहून देतानाच ती कशाबरोबर घ्यायची नाही हे दोन वाक्यांत सांगितले गेले असते, तर पहिले तीन महिने कदाचित वाया गेले नसते.

पाळीचा प्रश्न आहाराच्या आधी विचारायला हवा, आणि ‘पाळी नियमित आहे का’ असा नव्हे. नियमित पाळीतही रक्तस्राव जास्त असू शकतो. पॅड किती वेळाने बदलावे लागते, रात्री उठावे लागते का, गाठी पडतात का, असे ठोस विचारले तरच उत्तर मिळते. तसेच स्वतःहून सुरू केलेल्या गोळ्यांची चौकशी वेगळी करावी लागते. रुग्णाच्या दृष्टीने कॅल्शियम हे औषध नसते, त्यामुळे ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाला त्याचे नाव येत नाही. आम्लपित्तासाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांचेही तसेच, आणि जठरातील आम्ल कमी करणाऱ्या त्या गोळ्या लोहाच्या शोषणाला थेट बाधा आणतात.

गोळी सुरुवातीपासूनच दिवसाआड देता आली असती का, हा प्रश्न खुला आहे. दिवसाआडच्या मात्रेत प्रत्येक गोळीतून अधिक लोह शोषले जाते, पण गोळ्यांची एकूण संख्या निम्मी होते. हिमोग्लोबिन बरेच खाली असेल आणि लवकर वाढवणे आवश्यक असेल, तर अनेक डॉक्टर रोजची मात्राच पसंत करतात. या रुग्णाला मळमळ आधीपासून होती हे लक्षात घेता दिवसाआडची मात्रा पहिल्या दिवसापासून देणे अधिक सुसह्य ठरले असते. आता त्यांची फेरिटिनची तपासणी वर्षातून एकदा ठरलेली आहे, आणि आकडा २० च्या खाली आला तर ताटाकडे पाहण्यापूर्वी पाळीची चौकशी पुन्हा करायची, अशी नोंद त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर केलेली आहे.